क्लचमधली हवा

आमच्या पिकअपचा क्लच इतका जड होता, की तो दाबताना मी सीटवरून उठून उभी राहत असे. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरायचं, कंबर उचलायची, सगळं वजन डाव्या पायावर टाकायचं, तेव्हा कुठे पेडल निम्म्यापर्यंत जायचं आणि गिअरमधून दाढ उपटल्यासारखा आवाज यायचा. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीचा क्लच लोण्यासारखा होता. त्या गाडीवर मी एकावन्नाव्या वर्षी, पहिल्याच परीक्षेत, लायसन मिळवलं होतं. घरी येऊन पिकअपमध्ये बसले तेव्हा कळलं, की लायसन त्या गाडीचं मिळालंय, हिचं नाही.

तसं अडलंही नव्हतं. माझ्या रोपवाटिकेचे ट्रे हेच पोचवायचे. वीस वर्षं पोचवले. मग यांच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी विचारलं, "गाडी चालवता? क्लच जड आहे का?" यांनी उत्तर द्यायच्या आधी माझ्याकडे पाहिलं, म्हणजे खोटं बोलायची सोय आहे का ते बघितलं. मी नाही अशी मान हलवली. झालं, पिकअप अंगणात उभी राहिली.

त्यानंतर दोन महिने भाड्याचा टेंपो. तो टेंपोवाला रोपांचे ट्रे विटांसारखे एकावर एक रचायचा. टोमॅटोच्या रोपांना मान मोडून घ्यायला तेवढं पुरतं. एका जुन्या गिऱ्हाइकाचा फोन आला, "बाई, तुम्ही रोपं पाठवलीत की पालापाचोळा?" त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

हे म्हणाले, "मी चालवू शकत नाही, तुला क्लच झेपत नाही. उभ्या गाडीला गंज खातो. चुंबकला बोलावलंय."

चुंबक म्हणजे जुन्या गाड्या विकत घेणारा. गावातलं सगळं लोखंड कधी ना कधी त्याच्याकडे सरकत जातं म्हणून ते नाव. गाडी गेली की माझी रोपं कायमची टेंपोवाल्याच्या हातात, हे मला दिसत होतं. वीस वर्षांत मी एकेक बी मोजून ट्रेमध्ये टोचलं, आणि शेवटच्या पाच मैलांसाठी दुसऱ्याच्या पाया पडायचं.

"क्लच हलका झाला तर?" मी विचारलं.

"क्लच काय भोपळा आहे हलका व्हायला?"

"झाला तर?"

यांनी जरा विचार केला. "रविवारी चार वाजता चुंबक येतोय. त्याच्या आत तू स्वतः गाडी गेटबाहेर काढून दाखव. मग मी गाडीचा विषय काढणार नाही."

हे ठरलं गुरुवारी.

क्लच हलका होतो हे मला ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरांनी सांगितलं होतं. आमच्या गाडीत पेडलपासून गिअरबॉक्सपर्यंत वायर होती, आणि ती ओढायला माणसाचं बळ लागतं. नव्या गाड्यांत वायरऐवजी तेल असतं, त्यात पाय नुसता ठेवायचा. शुक्रवारी मी जुन्या भागांच्या दुकानात गेले, आमच्याच गाडीच्या नंतरच्या मॉडेलचे दोन सिलिंडर, तेल साठवायची डबी, तेलाची बाटली आणि नळी घेऊन आले, आणि सगळं जेवणाच्या टेबलावर माझ्या दिरांच्या पुढ्यात ठेवलं.

दीर आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. लग्न केलं नाही. तीस वर्षं लेथवर काम केलं, पण गाडी चालवायला शिकले नाहीत, कारण यंत्र एका जागी उभं असावं आणि माणसाने त्याच्याभोवती फिरावं, असं त्यांचं मत आहे. जेवायला आमच्याकडेच असतात. आणि गेले सात महिने ते आणि हे, सख्खे भाऊ, एकमेकांशी बोलत नव्हते.

कारण चौदाचा पाना. सासऱ्यांच्या हत्यारांची एक पत्र्याची पेटी आहे. प्रत्येक पान्याला तिच्यात स्वतःची खाच. एके दिवशी चौदाची खाच रिकामी निघाली. हे म्हणाले, धाकट्याने लेथवर नेऊन हरवला. दीर म्हणाले, दादाने गाडीखाली टाकून दिला. त्यावरून लहानपणच्या एका सायकलीपर्यंत गोष्ट गेली, आणि तिथून पुढे दोघांनीही तोंड बंद केलं ते केलंच. बोलायचं असेल तर मधे मी. एका टेबलावर समोरासमोर बसून हे मला म्हणायचे, "त्याला सांग, मीठ इकडे दे." दीर मीठ माझ्याकडे सरकवायचे, मी यांच्याकडे.

निरोप पोचवताना मी ते थोडे निवडून, पाखडून पोचवत असे. त्या शुक्रवारी दिरांनी यांच्याच ऑपरेशनच्या वेळची दोन रिकामी इंजेक्शनं आणली, मधे नळी जोडली, पाणी भरलं आणि मला दाखवलं. "हे बघा वहिनी. इकडचं दाबलं की तिकडचं उठतं. वरचा सिलिंडर पेडलला, खालचा गिअरबॉक्सला, मधे तेल. फक्त मधे हवा राहता कामा नये. हवा राहिली तर पाय हवाच दाबत बसतो, आणि तिकडचा ढिम्म."

हे भाकरीचा तुकडा हातात धरून पाहत होते. मला म्हणाले, "त्याला विचार, गाडीला कुल्ल्यावर देणार का दंडावर?"

मी म्हटलं, "भाऊजी, हे विचारताहेत, बसवायला किती वेळ लागेल."

"दादाला सांगा, नुसतं बघत बसला नाही तर एक दिवस."

मी म्हटलं, "तुमची मदत असेल तर एका दिवसात होईल म्हणताहेत."

दोघेही खूश झाले. असं सात महिने चाललं होतं.

रविवारी सकाळी सातला काम सुरू झालं. हे वरच्या बाजूला, दीर खाली. ही वाटणी दोघांनी मला वेगवेगळं गाठून सांगितली आणि सुदैवाने एकच निघाली. यांनी पेडलच्या मागच्या पत्र्याला भोक पाडून वरचा सिलिंडर बसवला, दांडी पेडलला जोडली. दिरांनी बुटांच्या खोक्याचा पुठ्ठा कापून माप घेतलं आणि त्या मापाने लोखंडी पट्टी वाकवून खालच्या सिलिंडरसाठी बैठक केली. बैठक इतकी देखणी झाली, की ती गाडीखाली जाणार याचं मला वाईट वाटलं. दिरांनाही वाटलं असावं. त्यांनी ती दोनदा पुसली.

सगळं जोडून झालं तेव्हा बारा वाजले होते. हे काठी टेकत आले, गुडघा सांभाळत वाकले, गाडीखाली बराच वेळ पाहिलं. मग खाकरले. मग "हं" म्हणाले आणि चहा प्यायला निघून गेले.

"काय म्हणाला?" दिरांनी विचारलं.

"चांगलं झालंय म्हणाले."

जेवण झाल्यावर हवा काढायचं काम. याला तीन माणसं लागली. एकाने पेडल दाबून धरायचं. खाली दुसऱ्याने सिलिंडरचा छोटा स्क्रू सैल करायचा, म्हणजे नळीतून तेल आणि तेलाबरोबर हवेचे बुडबुडे बाटलीत पडतात. मग स्क्रू बंद. स्क्रू बंद झाल्यावरच पेडल सोडायचं. आधी सोडलं की हवा पुन्हा आत. आणि तिसऱ्या माणसाने बॉनेटजवळ उभं राहून वरच्या सिलिंडरला जोडलेल्या डबीत तेल ओतत राहायचं, कारण डबी कोरडी पडली तर वरूनच हवा शिरते. हे पेडलवर उजव्या पायाने, सीटवर आडवे बसून. दीर गाडीखाली पाठीवर. मी बाटली घेऊन मधे. म्हणजे जेवणाच्या टेबलावर असते तिथेच.

"त्याला सांग, दाबलंय."

"भाऊजी, दाबलंय."

"धरून ठेव म्हणावं."

"धरून ठेवा."

"किती वेळ? त्याला विचार, खाली डोळा लागला का."

"भाऊजी, अजून थोडा वेळ लागेल का?"

"दादाला सांगा, स्क्रू आहे, नळ नव्हे."

"होतंच आलंय म्हणताहेत."

"माझा पाय भरून आला. सोडतोय म्हणून सांग."

"भाऊजी, हे पेडल सोड…"

तोपर्यंत सोडलेलं असायचं. खालून दिरांचा नुसता श्वास ऐकू यायचा, फणा काढल्यासारखा. मी वाकून पाहायची, तर नळीतलं तेल उलटं वर चढत असायचं आणि त्याच्या मागोमाग हवेची हातभर पोकळी.

दोन तास हे चाललं. माणसाचा आवाज एका तोंडातून दुसऱ्या कानात जायला वेळ लागत नाही, पण माझ्यातून गेला की लागतो, कारण मला त्यातला विखार काढून घ्यावा लागतो. मीठ मागताना त्याने काही बिघडत नव्हतं.

सव्वातीनच्या सुमारास माझ्या हातून डबीचं झाकण निसटलं आणि बॅटरीच्या मागे गेलं. मी आत हात घातला. झाकण लागलं नाही. लागलं ते काहीतरी लांब, गार आणि ओळखीचं. मी ते वर काढलं.

चौदाचा पाना.

आणि एका क्षणात सगळं आठवलं. लायसन मिळालं त्या आठवड्यात, घरात कोणी नसताना, मी गाडी चालू करून पाहायला आले होते. बॅटरी धरून ठेवणारी पट्टी खडखडत होती. मी पेटीतून बरोबर मापाचा पाना शोधून आणला होता, नट आवळला होता, आणि स्वतःवर इतकी खूश झाले होते, की पाना तिथेच ठेवून आत जाऊन आरशात पाहून आले होते. सात महिने. सात महिने मी यांचं मीठ त्यांना आणि त्यांची चटणी यांना पोचवत होते, आणि भांडणाचं मूळ बॉनेटखाली मीच पुरून ठेवलेलं होतं.

"काय झालं?" आतून हे.

"काय झालं, वहिनी?" खालून दीर.

"काही नाही. झाकण," मी म्हटलं आणि पाना ॲप्रनच्या खिशात टाकला. खिसा गुडघ्यापर्यंत लोंबला.

या सगळ्यात डबीकडे कोण बघणार. तिने तळ दाखवला होता. हे दाबत होते, दीर उघडत होते, आणि वरून दिलखुलास हवा आत जात होती. दोन तासांची कमाई मी दोन मिनिटांत घालवली. पेडल फटकन तळाला गेलं आणि तिथेच पडून राहिलं.

"त्याला विचार, खाली काय उघडं ठेवलंस."

"दादाला विचारा, वर काय करतोय."

मी बाटली मडगार्डवर ठेवली. खरं सांगायचं तर राग त्यांचा कमी आणि माझा जास्त होता, पण राग कुठून आला हे त्याच्या तोंडावर लिहिलेलं नसतं. "मी काही विचारणार नाही," मी म्हटलं. "डबी कोरडी माझ्यामुळे पडली. मला डबी बघायची आहे. ती बघणं आणि तुमचे निरोप नेणं, दोन्ही माझ्याने होत नाही. आता ज्याला जे सांगायचं ते त्याने ज्याचं त्याला सांगावं. नाहीतर तसेच बसा. चारला चुंबक येतोच आहे."

मी डबी पुन्हा भरली. यांनी रेडिओचं बटण फिरवून पाहिलं, तो आठ वर्षांपासून बंद आहे. खाली दीर बाटलीचं लेबल वाचत असावेत.

एवढ्यात चुंबक आला. साडेतीनलाच. स्कूटर बरोबर गेटच्या मधोमध लावली, आत येऊन एक रिकामी कुंडी उपडी केली आणि तिच्यावर बसला. गाडीच्या दाराला बोटाच्या पेराने टिचकी मारून आवाज ऐकला, कलिंगड घेताना ऐकतात तसा.

"चालू आहे?" त्याने यांना विचारलं.

"हवा काढतोय."

"काढा, काढा. मला काय, हवेसकट चालते." मग माझ्याकडे वळून अगदी मायेने म्हणाला, "बाई, कशाला जिवाला त्रास करून घेता. माझ्याकडे आली की तिला आराम आहे."

माझ्या हातात तेलाची बाटली, कोपरापर्यंत काळे हात. मला वाटतं माझ्या तोंडाकडे कोणी पाहू नये असं ते दिसत असावं. यांनी मात्र पाहिलं. दाराच्या काचेतून बराच वेळ पाहिलं. मग काठी न घेताच खाली उतरले, गाडीच्या बाजूला बसकण मारली, आणि डोकं आत घालून म्हणाले,

"अरे, उलटा बसवलायस तो."

गाडीखाली बाटली कलंडली.

"काय?" दीर म्हणाले.

"सिलिंडर. हवा काढायचा स्क्रू खाली आलाय. हवा वर जाते, स्क्रू खाली. शंभर वर्षं काढत बसलास तरी निघायची नाही."

सात महिन्यांतलं पहिलं बोलणं. चुंबकलासुद्धा काहीतरी मोठं घडलंय असं वाटलं असावं, कारण तो कुंडीवरून अर्धा उठला.

दीर सरपटत बाहेर आले. चष्म्यावर तेलाचे थेंब. "तुला कधी कळलं हे?"

"बारा वाजता."

"बारा वाजता. आणि तू चहा प्यायला गेलास."

"तू विचारलंस का मला?"

"वहिनी म्हणाल्या, चांगलं झालंय म्हणालास."

"मी? मी 'हं' म्हणालो."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी डबीत तेल आहे का ते पाहिलं. होतं.

"दोन तास मी तिथे पाठ मोडून घेतली," दीर म्हणाले, "आणि तू वर बसून…"

"माझा काय पाय नव्हता दुखत? तुझी बैठक एवढी सुबक, मला वाटलं काही कारण असेल उलटी करण्यामागे."

दिरांनी चष्मा पुसला. "सुबक?"

"मग काय. काढ आता ती, वेळ नाही."

बैठक उलटवायला वीस मिनिटं लागली. त्या वीस मिनिटांत त्यांनी एकमेकांना जे जे म्हटलं, ते मी सात महिने चाळून काढलेलं सगळं होतं, वर ताजं वेगळं. मधेच दीर मला म्हणाले, "वहिनी, दादा असं कधीपासून बोलायला लागला? तुमच्याकडून तर किती नीट यायचं." मी म्हटलं, "गुडघ्याचं दुखणं असतं, भाऊजी."

मग पुन्हा सगळे आपापल्या जागी.

"दाब."

"दाबलं."

"धर. … सोड."

"सोडलं."

"दाब."

"दाबलं. हळू सैल कर, बैलासारखा काय…"

"धर गप. सोड."

मी ओतत होते. माझं काम फक्त ओतायचं, हे किती सुखाचं असतं ते त्या दिवशी कळलं. बाटलीत आधी फेस आला, मग मोठे बुडबुडे, मग बारीक, मोहरीएवढे, मग एकेक, आणि मग नुसतं तेल, अखंड, मधाच्या धारेसारखं. यांनी पेडल दाबलं आणि तोंड विचित्र झालं. पुन्हा दाबलं.

"काय रे?" खालून.

"काही नाही," हे म्हणाले. "असं असायला हवं होतं वीस वर्षं."

चुंबकने घड्याळ पाहिलं. "चार वाजून दहा मिनिटं झाली, साहेब. बोली चारची होती."

"तुझं घड्याळ पुढे आहे," हे म्हणाले.

"फोनचं आहे."

"मग फोन पुढे आहे." त्यांनी दार उघडून धरलं आणि मला म्हणाले, "उशी घेतेस ना पाठीला?"

मी उशी घेतली. बसले. बसूनच राहिले, हे महत्त्वाचं. पाय ठेवला आणि पेडल खाली गेलं, कोणाशी न भांडता. गिअर टाकला. दाढ उपटल्याचा आवाज आला नाही. गाडी पुढे सरकली आणि बंद पडली, कारण इतक्या हलक्या क्लचची तिला आणि मला दोघींना सवय नव्हती. दुसऱ्यांदा पुन्हा. चुंबक कुंडीवर परत बसू लागला. तिसऱ्यांदा मी सावकाश, बी टोचताना बोट उचलते तसा पाय उचलला, आणि गाडी निघाली. रोपांच्या दोन रांगांमधून, पाण्याच्या टाकीला वळसा घालून, गेटपर्यंत. तिथे मला थांबावं लागलं.

मी काच खाली केली. "भाऊ, तुमची स्कूटर जरा बाजूला घेता का? गाडी काढायची आहे."

चुंबक उठला. गेला. स्कूटर बाजूला घेतली. मला वाटलं चिडला असेल, पण त्याने गेटसुद्धा धरून ठेवलं. जाताना दारावर पुन्हा एक टिचकी मारली, पण या वेळी आवाज ऐकला नाही.

आरशात दिसत होतं, मागे ते दोघे अंगणात उभे राहून हातवारे करत होते. ऐकू येत नव्हतं, पण कळत होतं. सिलिंडरवरून पान्यावर आले असणार, आणि पान्यावरून सायकलीवर. आता ते गप्प बसायचे नाहीत. जेवताना नाही, चहाला नाही. मला सात महिन्यांची ती शांतता आठवून जरा हुरहुर लागली.

खिशातला पाना मांडीला टोचत होता. तो काढून मी डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवला. सांगणार आहे, आज नाही तर उद्या. पण आधी त्या जुन्या गिऱ्हाइकाच्या दारापर्यंत जाऊन यायचं होतं. मागे एकही ट्रे नव्हता, नुसतंच जाऊन यायचं होतं. दुसरा गिअर टाकला. मी बसलेलीच होते.